अमेरिकेले किती घंटे लागते?

गावातल्या पोराला अमेरिकेत नोकरी लागली की पारावर दोन प्रश्न निघतात. पगार किती, आणि "तिथं जाले किती घंटे लागते जी?" पहिल्याचं उत्तर सोपं, कारण ते कोणी खरं सांगतच नाही. दुसरा प्रश्न भूगोलाच्या मास्तराच्या, म्हणजे माझ्या अंगावर येतो.

मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत सुमारे १२,५०० किलोमीटर. या 'सरळ' शब्दानेच घात होतो. नकाशात बघून सगळे अरबस्तान, आफ्रिकेवरून बोट फिरवत पश्चिमेला जातात. मग संत्रं मागवावं लागतं. देठ म्हणजे उत्तर ध्रुव धरून त्यावर मुंबई-न्यूयॉर्कच्या जागी दोन बाभळीचे काटे टोचायचे, मधून दोरा ताणायचा. दोरा आपोआप देठाकडे सरकतो. खरी जवळची वाट तशीच, उत्तरेकडे चढत ६५ अंशांच्या आसपास, आइसलंडच्या शेजारून. कोणी शंका काढली तर पुन्हा दाखवता येत नाही. तोवर संत्रं खाऊन झालेलं असतं.

विमानाचा वेग ताशी ९०० धरून भागाकार केला तर चौदा तास येतात. लागतात पंधरा-सोळा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, कधीकधी ताशी दीड-दोनशेचा. जाताना तो छातीवर, येताना पाठीवर. शिवाय बंद आकाश टाळावं लागतं: एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना बंद आहे. आणि तिकिटावरचा वेळ जमिनीवर रांगण्यासकट असतो. म्हणून तर नागपूर–मुंबई ६८० किलोमीटरला पाऊण तास पुरावा, तिथे दीड तास लिहिलेला असतो.

खरं रामायण तिकिटावरच्या घड्याळाने होतं. उन्हाळ्यात रात्री १:३० ला मुंबई सोडली आणि सकाळी ७:३० ला न्यूयॉर्क. "सहाच घंटे! आपली एसटी यापेक्षा जास्त घेते." परतीला सकाळी ११ ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी ११ ला मुंबई. "येताना चोवीस? उतार लागत नाही का गा?" न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे (हिवाळ्यात साडेदहा), हे पटवण्यात दुपार जाते. त्यापेक्षा माझी युक्ती बरी: दोन्ही आकडे जोडा, निम्मे करा. सहा अधिक चोवीस म्हणजे तीस, त्याचे पंधरा. घड्याळांचा फरक जाता-येता कटतो.

शेवटी एक हुशार उठतोच. "मास्तर, धरती फिरते ना? विमान वरच उभं ठेवलं तं?" धरती आपल्या अक्षांशावर ताशी सुमारे १,५६० किलोमीटरने फिरते हे खरं, पण हवाही तिच्यासोबतच फिरते. चालत्या एसटीत कंडक्टरनं नाणं वर उडवलं तर ते त्याच्याच हातात पडतं, असं मी समजावतो.

"कंडक्टरपाशी चिल्लर कवा असते?"

इथपर्यंत निदान हिशेब लागतो. फाट्यापासून गावापर्यंतच्या सहा किलोमीटरला मात्र वारा, अक्षांश, घड्याळ काहीच लागू नाही. दहावी सवारी बसल्याशिवाय ऑटो हलत नाही, आणि ती दहावी सवारी बाजारात वांग्याचा भाव करत उभी असते.