आप्पा आणि सागाचं घर

खळ्यातला धाब्याचा गोठा उतरवून तिथं सागाच्या सांगाड्याचं घर उभं राहतंय. तर शेजारच्या मळ्यातले आप्पा रचून ठेवलेल्या खांबांवर ऐसपैस बसले, तंबाखू मळली आणि म्हणाले, "भाऊ, हाई जयतन कितलामा लिधं?"

जयतन, म्हणजे सरपण! सहा बाय सहा इंची, दहा फुटी खांब. एकेकात अडीच घनफूट साग. वखारीत घनफुटाचा भाव ऐकला की माणूस आधी खाली बसतो, मग बोलतो.

"निम्मे गोठ्यातलेच आहेत, आप्पा."

"वायवी खाई टाकी."

आता वाळवी खाते ती कडेचं पांढरट लाकूड. ते तासून काढलंय. गाभ्याला ती सहसा तोंड लावत नाही. जुना खांब कुजतो तो बुडाशी, कारण तो मातीत रोवलेला आणि वर जनावरांचं मूत. म्हणून ठोकून पाहायचं, बद्द वाजेल तेवढा बुडखा कापायचा आणि खांब जोत्यावर, दगडी तळखड्यावर उभा करायचा. पायाचा खड्डा मुरूम लागेपर्यंत. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर टेकलेलं काही सरळ राहत नाही. एवढं सगळं ऐकून आप्पांनी पिंक टाकली. मातीवर नव्हे, खांबावर.

"आग लागनी ते?"

जाड तुळई बाहेरून कोळसते आणि तो कोळशाचा थरच आतल्या लाकडाला काही काळ राखतो. उघडं लोखंड तापलं की वाकतं.

"आनि लाकूडना घरमा पोर कोण देई?"

इथं मात्र डोकं फिरलं. आराखडाच मुळी पोराच्या लग्नाचा! भार सगळा खांब-तुळयांवर, भिंती नुसता आडोसा. फळ्यांचे पडदे खिळ्यांनी नाही, बोल्टांनी बसवायचे. सून आली की दोन खणांची खोली. पोरं पुण्याला गेली की पडदा काढून धान्याची कोठी. विटांची भिंत हलवायची तर घण, धूळ आणि ट्रॅक्टरभर डबर. पण स्लॅबला कुणी काही विचारत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, आप्पांचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत धग सोडत असतो आणि त्यांची बाज आमच्या निंबाखाली असते.

खरा वैताग सुतारांचा. कुसू काढून, म्हणजे लाकडाच्या टोकाला जीभ कोरून, सांधा बसवणारा मिळत नाही. येईल तो प्लायवूडचा भाव सांगतो. एक मिळाला होता. त्याचा निरोप आलाय, आप्पांकडे किचनच्या ट्रॉल्या लावतोय, आठवडाभर थांबा.