किड्याला पचत नाही म्हणून कडधान्य विषारी ठरत नाही

"ज्या धान्याला किडासुद्धा तोंड लावत नाही, ते तुम्ही मुलांना खाऊ घालता?" अशी सुरुवात असलेला मेसेज सध्या फिरतोय. भुंगेरा न लागणाऱ्या कडधान्यांच्या जातींत विष आहे, त्या गुपचूप जीएम (म्हणजे प्रयोगशाळेत जनुक बदललेल्या) केल्यात, ऑस्ट्रेलियात त्यापायी उंदीर आजारी पडले, तेव्हा कीड लागणारंच धान्य घ्या आणि गोळ्या टाकून ठेवा, असं त्यात म्हटलंय. काल तो आत्याने पाठवला. खाली प्रश्न: "अगं, घरातले मूग टाकून देऊ का?" शिकलीसवरलेली बाई इतकी घाबरली, तेव्हा मात्र राहवलं नाही.

पहिलं वाक्यच धडधडीत खोटं आहे. साठवणीतला पूर्ण वाढलेला भुंगेरा दाणा खातच नाही; खाते ती अळी. मादी सालीवर अंडं चिकटवते, नीट पाहिलं तर पांढरट ठिपका दिसतो. अळी अंड्याच्या बुडातूनच थेट साल पोखरून आत शिरते, आतला गर खात वाढते आणि कोषात जाण्याआधी सालीचा एक गोल, पातळ पापुद्रा तेवढा शिल्लक ठेवते. भुंगेरा तो ढकलून बाहेर पडतो. आपल्याला दिसतं ते हे भोक. आता प्रतिकारक मुगावरही मादी अंडी घालते, अळी आतही शिरते. फक्त तिथे तिची वाढ होत नाही आणि बहुतेक अळ्या मरतात. तोंड लावलेलं असतं, पचलेलं नसतं.

आणि किड्याला पचलं नाही की ते विष? मग राजम्याचं काय? मूग-चवळीचा भुगा करणारे कॅलोसोब्रुकस भुंगेरे राजम्याच्या दाण्यात वाढूच शकत नाहीत. त्यातलं एक प्रथिन अळीच्या पोटातलं स्टार्च पचवणारं एन्झाइम अडवतं. माणूस तोच राजमा हजारो वर्षं शिजवून खातोय. शिजवून, हे खरंच महत्त्वाचं, कारण कच्च्या राजम्यातल्या लेक्टिन नावाच्या प्रथिनाने माणसालाही उलट्या-जुलाब होतात. नीट उकळल्यावर ते निकामी होतं. राजम्याचे वेगळे भुंगेरे आहेत, ते त्याच दाण्यावर आरामात पोसतात. एका भुंगेऱ्याचा नियम दुसऱ्या भुंगेऱ्यालाही लागू पडत नाही, तो थेट माणसाला लावायचा?

जीएमचं थोडक्यात सांगते. मुगातला हा प्रतिकार ज्या वाणामुळे गाजला तो टीसी १९६६, मादागास्करमधला रानमूग. त्याचा लागवडीच्या मुगाशी साधा संकर होतो, मग पिढ्यानपिढ्या निवड. यात जीएम कुठेच नाही. रानटी राजम्यातलं आर्सेलिन हे भुंगेरे रोखणारं प्रथिनही असंच संकरातून घेतलं गेलं.

उंदरांची गोष्ट अर्धी खरी आहे, ते नाकारता येत नाही. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने राजम्यातलं ते एन्झाइम अडवणारं प्रथिन जनुक घालून वाटाण्यात आणलं होतं. तो वाटाणा दिल्यावर उंदरांत रोगप्रतिकारक प्रतिक्रिया दिसली, हे २००५ साली प्रसिद्ध झालं आणि काम थांबवलं गेलं. तो वाटाणा बाजारात आलाच नाही. पुढे २०१३ साली प्लॉस वन या विज्ञान नियतकालिकात फेरतपासणी छापून आली: जीएम नसलेल्या साध्या राजम्यानेही उंदरांत तशाच प्रतिक्रिया आल्या. मेसेज लिहिणारा २००५ लाच थांबलाय. प्रत्येक नवी जात खाण्याच्या दृष्टीने तपासली जावी, ही मागणी मात्र रास्त आहे आणि माझीही आहे.

सगळ्यात संताप येतो तो शेवटच्या ओळीचा. "गोळ्या टाकून ठेवा." या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांना हवेतली नुसती ओल लागली की फॉस्फीन वायू सुटतो. तो भुंगेरे मारतो, तसाच शेजारी झोपलेल्या माणसांनाही मारतो आणि त्यावर उतारा नाही. बंदिस्त गोदामात प्रशिक्षित माणसांनी वापरायची ती वस्तू आहे. घरात कडधान्य कडक उन्हात वाळवून, पूर्ण थंड करून हवाबंद डब्यात काठोकाठ भरा. आत उरलेले भुंगेरे आणि अळ्या प्राणवायू संपवतात आणि गुदमरून मरतात. राहत्या खोलीत गोळी ठेवली असेल, तर तिला हात न लावता सगळ्यांना आधी बाहेर काढा.