भाऊसाहेबांकडे बघायचं नाही

आमच्या घरात सध्या एकच नियम आहे. भाऊसाहेबांकडे बघायचं नाही.

भाऊसाहेब म्हणजे दिवाणखान्याच्या कोपऱ्यात राहायला आलेले शॅमेलिऑन, रंग बदलणारा झाडावरचा सरडा. वय चार महिने, लांबी शेपटीसकट वीतभर, कुळ येमेनचं. डोक्यावरचा टोप अजून पुरता वाढायचाय, पण चेहऱ्यावरचा ‘उद्या या’ हा भाव मात्र पूर्ण वाढलेला. (रानातून धरून आणलेले नाहीत, पैदास केंद्रात अंड्यातून निघालेत. हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला बसायच्या आधीच सांगून टाकते.)

कन्येने नाव ठरवलं होतं रॉकी. पण खोक्यातून बाहेर पडताना त्यांनी पुढचा एक पाय उचलला, हवेत धरला, वाऱ्यावरच्या पानासारखे पुढे-मागे तीनदा झुलले, बराच विचार केला आणि तो पाय होता तिथेच परत ठेवला. सासूबाई चष्म्यावरून बघत होत्या. म्हणाल्या, "रॉकी कसला? हे तर आमच्या ऑफिसातले भाऊसाहेब. फाईल हातात घ्यायची, हलवायची आणि परत ठेवायची." झालं बारसं.

तर नियम. नव्या जागी रुळायला शॅमेलिऑनला निदान दोन आठवडे द्यायचे असतात. दाणापाणी करायचं, दिवे वेळेवर लावायचे-विझवायचे आणि बाजूला व्हायचं. उचलायचं नाही, कुरवाळायचं नाही, समोर उभं राहून टक लावायची नाही. समोरून रोखलेले दोन डोळे म्हणजे त्यांच्या हिशेबात शिकारी. कन्येने हे सगळं वाचून दाखवलं तेव्हा मी म्हटलं, मग सोपं आहे की! काहीच करायचं नाही!

काहीच न करण्याइतकं अवघड काम मी आयुष्यात केलेलं नाही. मी बी पेरलं की दुसऱ्या दिवशी उकरून बघणारी बाई आहे. त्यात ही बंदी एकतर्फी. मी बघायचं नाही, त्यांनी मात्र वाटेल तसं बघायचं. शॅमेलिऑनचे डोळे म्हणजे दोन फिरते बुरूज, टोकाला टिकलीएवढं भोक. एक बुरूज छताकडे, दुसरा माझ्यावर. मी सोफ्यावर बसले की तो माझ्याबरोबर बसतो, उठले की उठतो. स्वतःच्या घरात चोरासारखं नजर चुकवत वावरायची सवय नसते माणसाला.

पिंजरा नवऱ्याने उभा केला. चहूबाजूंनी जाळी, दोन फूट लांब, दोन फूट रुंद, चार फूट उंच. तोही जमिनीवर नाही, बुटक्या कपाटावर, कारण हा झाडावर राहणारा जीव आपल्यापेक्षा उंच बसला की त्याला सुरक्षित वाटतं. त्यामुळे भाऊसाहेब वरून खाली बघतात आणि आम्ही खालून वर न बघता जातो. समोरच्या कपाटाला आरसा आहे. आरशात दुसरा शॅमेलिऑन दिसला की प्रतिस्पर्धी आला असं वाटून ते खवळतात, म्हणून आरशावर चादर. आता मी केस अंदाजाने विंचरते.

दिवे दोन. एक ऊब घ्यायला, त्याखालच्या फांदीवर तापमान तिसाच्या आसपास हवं. दुसरी यूव्हीबीची, म्हणजे एका प्रकारच्या अतिनील किरणांची नळी, ती नसेल तर अंगात ड जीवनसत्त्व तयार होत नाही आणि हाडं मऊ पडतात. "पण खिडकीतून एवढं ऊन येतंय ते काय वाया घालवायचं?" असं नवऱ्याने विचारलं. काच यूव्हीबी अडवते हे कळल्यावर तो खिडकीवरच नाराज झाला. मग त्याने पिंजऱ्यात तीन तापमापकं आणि एक आर्द्रतामापक लावला. माझ्या तापात या माणसाला घरातला एक थर्मामीटर सापडत नाही.

पहिल्या दिवशी मी छान रुंद वाटीत पाणी ठेवलं. दुसऱ्या दिवशी वाटी तशीच, तिसऱ्या दिवशीही तशीच. पाहुणा आपल्या घरात तहानेने जातोय, या कल्पनेने माझा घसा कोरडा पडला. कन्या म्हणाली, "आई, साचलेलं पाणी त्यांना पाणी वाटतच नाही. पानांवरचे थेंब पितात ते." म्हणजे डबकं दिसतं, पण ते पेय आहे हे सुचत नाही. मग नवऱ्याने वर भांडं टांगून, नळी सोडून ठिबक सिंचन केलं. मनी प्लांटच्या पानावर टप, टप. त्या रात्री सगळे निजल्यावर मला वाटलं नळ गळतोय. मी उठून घरातले सगळे नळ दोनदा आवळले.

पाणी पोचतंय की नाही हे कळायचा सोपा मार्ग म्हणजे विष्ठा तपासणं. त्यातला लघवीचा घट्ट भाग पांढरा असला तर ठीक, गडद नारिंगी झाला तर पाणी कमी पडतंय. पाचव्या दिवशी सकाळी मी चष्मा लावून पिंजऱ्याच्या तळाशी वाकले आणि आनंदाने ओरडले, "पांढरं आहे!" घरात टाळ्या पडल्या. मुलीच्या निकालाला पडल्या होत्या त्याहून थोड्या जास्तच.

आता खाणं. भाऊसाहेब रातकिडे खातात, तेही जिवंत आणि हलणारे. रातकिड्याची लांबी भाऊसाहेबांच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जास्त नको. हे अंतर त्यांच्याकडे न बघता कसं मोजायचं, ते कोणी लिहून ठेवलेलं नाही. शिवाय उपाशी रातकिडा म्हणजे नुसतं टरफल, म्हणून आधी रातकिड्यांना गाजर, पाला वगैरे खाऊ घालायचं. खाद्याचं खाद्य निवडून, धुऊन, बारीक चिरून मी डब्यात टाकते. मग त्यातले चार-सहा पिशवीत घालून कॅल्शियमच्या भुकटीत घोळवायचे. पिठीसाखर लावल्यासारखे पांढरेफटक होऊन ते पिंजऱ्यात पळतात, नाहीतर पिंजऱ्याऐवजी घरात. एक फ्रिजमागे गेला. तो नर होता, हे रात्री दोन वाजता कळलं. नरच गातात.

कुंडीत, पानांत, जाळीच्या कोपऱ्यात रातकिडे दडून बसत, त्यामुळे किती खाल्ले याचा हिशेब लागेना. भाऊसाहेब खाताना कोणाला दिसलेच नाहीत. मी पडद्याआडून बघितलं, वर्तमानपत्राला भोक पाडून बघितलं, एकदा स्वयंपाकघरातून रांगत आले. दर वेळी तो बुरूज आधीच माझ्याकडे वळलेला.

शेजारचा मुलगा आला तो लाल रुमाल घेऊनच. "काकू, यावर ठेवा ना, लाल होईल." कन्येने त्याला उभ्या-उभ्या तास दिला. खालचा रंग बघून हा रंग बदलत नाही. मनःस्थिती, ऊन-थंडी, समोर दुसरा कोणी आला तर त्याला द्यायचा निरोप, यावर बदलतो. २०१५ साली जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनवर दाखवून दिलं की त्वचेच्या पेशींत ग्वानिन नावाच्या पदार्थाचे अतिसूक्ष्म स्फटिक ओळीने रचलेले असतात. प्राणी निवांत असला की ते दाटीने बसतात, चिडला की दूर-दूर सरकतात आणि परतणाऱ्या प्रकाशाचा रंगच बदलतो. मुलगा रुमाल घडी करत म्हणाला, "म्हणजे आत्ता हा काळपट झालाय तो माझ्यामुळे?" हो बाळा. सरड्यासारखा रंग बदलतो म्हणून आपण लबाड माणसाला नावं ठेवतो. या घरात मनातलं तोंडावर दाखवणारा प्राणी हा एवढाच आहे. बाकी आम्ही सगळे, "छान झालंय" म्हणून जेवतो.

आठव्या दिवशी मी भांड्यात पाणी भरायला दार उघडलं आणि भाऊसाहेब माझ्या मनगटावरून पडद्यावर गेले. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, ही म्हण ज्याने केली त्याच्या घरी पडदे नसणार. एरवी एका पावलाला मिनिट लावणारा हा गृहस्थ बघता-बघता पडद्याच्या दांडीवर पोचला. तिथून त्यांनी अंग चपटं करून फुगवलं, तोंड उघडलं आणि सायकलच्या चाकातली हवा सोडावी तसा फुस्स आवाज काढला.

वरून धरायचं नाही, ओढायचं तर मुळीच नाही. त्यांच्या पायाची बोटं दोन आणि तीन अशी जुळलेली असतात, चिमट्यासारखी. एकदा कापड पकडलं की ओढणाऱ्याला शरण जाण्यापेक्षा पाय दुखवून घेतील. समोर फांदी धरायची आणि ते आपणहून चढतील याची वाट बघायची. मी स्टुलावर, हात वर, हातात जास्वंदीची काठी. नवऱ्याने खालून स्टूल धरलं आणि सूचना दिल्या. त्यांनी पुढचा पाय उचलला. झुलले. ठेवला. काठीवर नाही, दांडीवर. चाळीस मिनिटांनी त्यांनी काठीवरचं जास्वंदीचं पान खाल्लं आणि पानामागून काठीवर आले. माझे खांदे दुसऱ्या दिवशीपर्यंत खाली आले नाहीत.

संध्याकाळी सातला दिवे बंद. बारा तास उजेड, बारा तास अंधार, रात्री खोलीत दुसरा दिवाही नको. भाऊसाहेब शेपटीची गुंडाळी करून फिकट, जवळजवळ साईच्या रंगाचे होऊन झोपतात आणि आम्ही भिंत चाचपत फिरतो. टेबलाच्या पायावर करंगळी आपटली तरी ओरडायचं नाही. दहा दिवस आम्ही सगळे कुजबुजत होतो. दहाव्या दिवशी कन्येने पुढचं पान वाचलं. त्यांना बाहेरचे कानच नसतात, आणि ऐकू येतं तेही फार कमी. त्या सुमारास एक पाहुणे येऊन गेले. अंधार, झाकलेला आरसा आणि कुजबुज बघून त्यांनी दारातच हळू आवाजात विचारलं, "घरात कोणाचं काही जास्त आहे का?"

या सगळ्यात सासूबाई कुठेच नव्हत्या. म्हणजे होत्या, पिंजऱ्याशेजारच्या त्यांच्या खुर्चीत, शब्दकोडं सोडवत. ती खुर्ची हलवायला त्यांनी साफ नकार दिला होता. "मी काही त्याच्याकडे बघत नाही, सरडाच तो," म्हणाल्या होत्या.

सतराव्या दिवशी मी दुपारी लवकर घरी आले. दार हळूच लोटलं. सासूबाई मान खाली घालून कोड्यात. वर फांदीवर भाऊसाहेबांचे दोन्ही बुरूज, पहिल्यांदाच, एकाच दिशेला लागलेले. जबडा किंचित उघडला, जिभेचं गुलाबी टोक बाहेर डोकावलं, थांबलं. मग नुसता एक टप् असा आवाज. अंगाच्या दीडपट लांब जीभ कधी गेली आणि कधी आली ते मला दिसलंच नाही. जाळीवरचा पांढरा रातकिडा तेवढा नव्हता आणि भाऊसाहेब चावत होते.

मी तोंडावर हात ठेवून उभी.

"सहा झाले," सासूबाई मान वर न करता म्हणाल्या. "काल पाच खाल्ले. परवा पाच. मंगळवारी सात."

"आई! म्हणजे ते रोज खातात? मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू बघायला आली असतीस." त्यांनी पेन्सिल कानामागे खोचली. "आणि आत्ता मागे हो जरा. एक राहिलाय अजून."

मी मागे झाले. चपला तशाच हातात धरून, जिन्यात.