समुद्रातला धुरा कसा कोरावा

विदर्भात समुद्र नाही म्हणून मागे राहू नका. वखराची पास दर साली चार बोटं धुऱ्यात, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधात, घालून तीन हातांचा धुरा वीतभर करता येत असेल, आणि वर पारावर बसून "त्यानंच कोरला" म्हणता येत असेल, तर परराष्ट्र प्रवक्त्याचं निम्मं शिक्षण झालंच आहे. उरलेलं निम्मं इथे घ्या.

जागा बिनमोजणीची निवडा. इराण-इराकचा 1975 चा अल्जिअर्स करार शत्त अल-अरब नदीतली हद्द खोल प्रवाहावरून नेतो आणि मुखाशी सोडून देतो. पुढे समुद्रात दोघांच्या सहीची रेघच नाही. सोन्यासारखं वावर! 23 मार्च 2007 ला तिथेच इराणने ब्रिटनचे 15 नौसैनिक धरले.

मग ब्रिटनने जे केलं ते गिरवून काढा. नकाशा छापला, त्यावर हद्दीची ठसठशीत रेघ ओढली आणि बोटी इराकच्या बाजूला 1.7 सागरी मैल आत होत्या असं जाहीर केलं. सोबत जीपीएसचे आकडे. आता ढोर कुठे उभं होतं हे उपग्रह सांगेलही. धुरा कुठे होता, हे तो कसा सांगणार? पण आकड्याला दशांश चिन्ह लागलं की रेघ ओढली कोणी, हे विचारायचं भल्याभल्यांना सुचत नाही.

इराणकडून मात्र काय करू नये ते शिका. त्यांनी आधी दिलेले अक्षांश-रेखांश इराकी पाण्यातच पडतात, असं ब्रिटनने दाखवलं. मग इराणने सुधारित आकडे दिले. अहो, तलाठ्यासमोर जाण्याआधी आपला सातबारा निदान एकदा घरी वाचावा! शेवट मात्र त्यांनी झकास केला. 4 एप्रिलला सुटका जाहीर केली ती "ब्रिटिश जनतेला भेट" म्हणून, आणि पाहुण्यांना नवे सूट शिवून दिले. कोंडवाड्यातला बैल परत देताना शिंगं रंगवून, झूल घालून द्यावा, म्हणजे कोंडला कशाला हे कोणी विचारत नाही, पोळाच होतो.

कागद जुना हवा, आणि दोघांना पुरेल असा. कच्छ आणि सिंधच्या मधल्या सर क्रीकच्या 96 किलोमीटर खाडीवर भारत आणि पाकिस्तान 1914 चा मुंबई सरकारचा एकच ठराव दाखवतात. पाकिस्तान नकाशावरच्या हिरव्या रेघेवर बोट ठेवून पूर्वेचा काठ मागतो, भारत प्रवाहाचा मध्य. नाल्याचंच भांडण, पण खाडीच्या मुखाशी रेघ जराशी सरकली की 200 सागरी मैलांपर्यंत, म्हणजे देशाचा मासे-तेलावरचा हक्क चालतो तिथवर, वावर पंख्यासारखं रुंदावतं. मधल्या मध्ये कोळी धरले जातात. त्यांना पाण्यावर हद्दीचे गोटे दिसत नाहीत, हा अर्थात त्यांचाच दोष.

कब्जा दाखवायला वावरात मोडकी बंडी उभी करून ठेवावी. फिलिपिन्सने 1999 मध्ये दक्षिण चिनी समुद्रातल्या सेकंड थॉमस शोल या वादातल्या उथळ खडकावर जुनं जहाज मुद्दाम रुतवलं. ते गंजतंय, पण शिपाई त्यावरच राहतात. निकाल विरुद्ध गेला तर चीनकडे बघा: 12 जुलै 2016 ला लवादाने त्याचा दक्षिण चिनी समुद्रावरचा "ऐतिहासिक हक्क" फेटाळला, चीनने निकालच फेटाळला. तहसीलदाराच्या नोटिशीवर पानाचा चुना पुसणारे आपल्याकडेही आहेत, पण इतक्या सफाईने नाही.

शब्द तेवढे सांभाळा. आपली असते ती गस्त, त्याची ती घुसखोरी. आणि कोणी फारच खनपटीला बसून "पण मोजणी कधी झाली?" असं विचारलंच, तर त्याला देशद्रोही म्हणण्याआधी चहा सांगा, नकाशा घडी घालायला तेवढा वेळ पुरतो.