'नाइन्थ हाउस' आणि 'इतकं घाण कशाला लिहायचं?'

ली बार्डूगोच्या 'नाइन्थ हाउस' या कादंबरीबद्दल लोकांनी काय काय लिहिलंय ते वाचत बसले की मला गंमत वाटते. एक तारा देणारे आणि पाच तारे देणारे नेमके त्याच तीन-चार प्रसंगांवरून भांडतात. पोट फाडण्याचा प्रसंग, संडासातला तो सूडाचा प्रसंग, लहानपणी नायिका अ‍ॅलेक्सवर भुताने केलेला अत्याचार. एकाने तिथे पुस्तक मिटलेलं असतं, दुसऱ्याला तिथेच ते आवडायला लागलेलं असतं. मला पुस्तक आवडलं. पण ते आवडणाऱ्यांची कारणंही मला फारशी पटत नाहीत, म्हणून हे लिहितेय. शेवट फोडणार नाही, सुरुवातीचं मात्र बरंच सांगणार आहे. ज्यांना तेही नको त्यांनी इथूनच परत फिरावं.

अमेरिकेतलं न्यू हेवन गाव आणि तिथलं येल विद्यापीठ. येलमध्ये वजनदार मुलांच्या गुप्त मंडळ्या खरोखरच आहेत, ही काही कादंबरीतली कल्पना नव्हे. 'स्कल अँड बोन्स' १८३२ पासून आहे. थोरले बुश त्यातले, धाकटे बुश त्यातले, आणि २००४ च्या निवडणुकीत धाकट्या बुशविरुद्ध उभे राहिलेले जॉन केरीही त्यातलेच. म्हणजे त्या वर्षी अमेरिकन माणसाने दोघांपैकी कोणालाही मत दिलं तरी राष्ट्राध्यक्ष एकाच मंडळीतला येणार होता! या मंडळ्यांच्या इमारतींना तिथे थडगी म्हणतात. बार्डूगो स्वतः येलची, 'वुल्फ्स हेड' मंडळीतली. तिने फक्त एवढंच धरून चाललंय की अशा आठ मंडळ्यांकडे खरीखुरी जादू आहे. आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला एक नववं घर आहे, लीथी.

तिथे येते अ‍ॅलेक्स स्टर्न. लॉस एंजेलिसची, शाळा अर्धवट टाकलेली, ड्रग्ज विकणाऱ्या पोराबरोबर राहिलेली, आणि एका रात्रीच्या हत्याकांडातून एकटीच वाचलेली. तिला भुतं दिसतात. लीथीला नेमकं तेच हवं असतं, म्हणून येलमध्ये प्रवेश आणि सगळा खर्च माफ.

गोंधळ झाला तो बार्डूगोच्या आधीच्या पुस्तकांमुळे. 'शॅडो अँड बोन' (२०१२), 'सिक्स ऑफ क्रोज' (२०१५) ही किशोरांसाठी लिहिलेली, त्यामुळे चाहतेही त्या वयाचे. २०१९ च्या ऑक्टोबरात हे पुस्तक आलं, पण आगाऊ प्रती वाचलेल्यांनी त्याआधीच ट्विटरवर बोंब ठोकली होती: यात हिंसा आणि अत्याचार आहेत असा इशारा पुस्तकावर का छापला नाही? समोरून उत्तर आलं, हे मोठ्यांसाठी आहे. त्याच वर्षअखेरीस गुडरीड्स या पुस्तकांच्या संकेतस्थळावरच्या वाचकांनी फँटसीतलं सर्वोत्तम म्हणून याच पुस्तकाला निवडलं, हाही भाग आहेच.

इशारा छापायला माझी काहीच हरकत नाही. चिवड्याच्या पाकिटावर 'यात शेंगदाणे आहेत' लिहिल्याने चिवड्याची चव बिघडत नाही. 'मोठ्यांसाठी आहे' हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही, कारण जे नायिकेच्या वाट्याला आलं ते वाचून हादरणाऱ्यांमध्ये चाळिशीतल्या बायकाही असतात. पण 'इशारा द्या' म्हणणं वेगळं आणि 'हे लिहायचीच गरज नव्हती' म्हणणं वेगळं. लोक एकातून दुसऱ्यात कधी घसरतात ते त्यांनाही कळत नाही.

पोट फाडण्याचाच प्रसंग घ्या. 'स्कल अँड बोन्स'ची पोरं इस्पितळाच्या मनोरुग्ण विभागातून एका माणसाला आणतात. त्याचं पोट उघडतात, जिवंतपणी, आणि आतडी बघून शेअर बाजाराचं भाकीत सांगतात. मग शिवून परत पाठवतात. त्याला कोणी विचारलेलं नाही, त्याच्या मागे चौकशी करणारंही कोणी नाही. बाजूला अ‍ॅलेक्स उभी, लीथीतर्फे नजर ठेवायला. नियमाप्रमाणे सगळं ठीक पार पडतंय ना, एवढंच तिने बघायचं. आता यातलं घाण नक्की काय? आतडी?

पुढे टारा हचिन्स नावाची गावातली मुलगी मारली जाते. येलची नाही, गावातली. हा फरक पुस्तकभर बोचत राहतो. तिचा मित्र पकडला जातो, डीन अ‍ॅलेक्सला सांगतात की हे आपलं काम नव्हे. अ‍ॅबेल टर्नर हा डिटेक्टिव्हही तिला लुडबुड करू देत नाही. (टर्नर मला फार आवडला. जादूचं त्याला जराही कौतुक नाही.) अ‍ॅलेक्स मात्र सोडत नाही, कारण एक-दोन वर्षांपूर्वी ती स्वतःच टारा होती. ती मेली असती तर पोलिसांनी अशीच फाइल बंद केली असती.

हे पुस्तक नुसती फँटसी असतं तर आपण त्या थडग्यांच्या, विधींच्या, जुन्या पुस्तकांच्या प्रेमात पडून मोकळे झालो असतो. पुष्कळ वाचक पडलेतच. 'मला लीथीत प्रवेश हवा' असं लिहिणारे बघितले की कपाळाला हात लावावासा वाटतो. गुन्हेकथा तसं होऊ देत नाही. मेलं कोण, मारलं कोणी, आणि त्यात फायदा कोणाचा, हे तिला विचारावंच लागतं. फायद्यावरून आठवलं: ज्याच्या नावाने हे विद्यापीठ आहे तो एलिहू येल १६८७ ते १६९२ मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्जचा प्रमुख होता. १७१८ मध्ये त्याने नऊ गाठी माल, ४१७ पुस्तकं आणि राजा पहिल्या जॉर्जचं चित्र पाठवलं, कॉलेजने माल विकला आणि त्याचं नाव घेतलं. त्याच्या काळात मद्रासहून गुलामही बाहेर पाठवले जात होते.

आता सूडाचा प्रसंग. अ‍ॅलेक्सच्या रूममेटला जादूची पूड देऊन, तिची इच्छाच काढून घेऊन एक पोरगा अत्याचार करतो आणि त्याचं चित्रण करतो. अ‍ॅलेक्स जादूनेच त्याला वश करून संडासातली घाण खायला लावते, आणि तोही व्हिडिओ पसरवते. पाच तारावाले इथे टाळ्या पिटतात. मीही पिटल्या. पण तिने वापरलेलं हत्यार तेच आहे, समोरच्याची इच्छा काढून घेण्याचं. टाळ्या वाजवून झाल्यावर हे लक्षात येतं, आणि म्हणून हा प्रसंग मला पुस्तकातला सगळ्यात चांगला वाटतो. 'बरी जिरवली' एवढ्यावर थांबणाऱ्यांचं आणि 'शी, किळस' म्हणणाऱ्यांचं वाचन मला सारखंच अर्धवट वाटतं.

दोष आहेत. पहिली शंभर पानं नावं, मंडळ्या, पदं यांचा नुसता मारा. कथा हिवाळ्यात, मग मागे शरदात, पुन्हा हिवाळ्यात, आणि आपण प्रकरणाचं शीर्षक परत परत बघतोय. शेवटी गुन्हेगाराने उभं राहून सगळं समजावून सांगायचं ही खोड बाबूराव अर्नाळकरांच्या काळात खपून गेली, आता नको वाटते. डार्लिंग्टन नावाच्या सुसंस्कृत, खानदानी तरुणावर अर्धं वाचकजग फिदा आहे. मला तो ठीक वाटला.

भुतं मात्र झकास. ती गोडाधोडाला, रक्ताला, जगण्याच्या कुठल्याही खुणेला हपापलेली, आणि मरणाचा उल्लेख केला की पळणारी. अ‍ॅलेक्स आजीच्या लादिनोतले (स्पेनमधून आलेल्या ज्यूंच्या भाषेतले) मरणाचे शब्द म्हणून त्यांना हाकलते. धारप वाचून वाढलेल्या मला हा उलटा कारभार फारच आवडला.

दुसरा भाग 'हेल बेंट' २०२३ मध्ये आला. त्यात टोळी जमवून मोहिमेवर निघायचं आहे, वेग जास्त आहे, विनोदही. लोकांना तो अधिक आवडलेला दिसतो. मला टाराची आठवण येत राहिली, आणि तिथे तिच्यासाठी फारशी जागा नव्हती.