पाण्यावर गाडी, पेट्रोलला रामराम

पेट्रोल कधीचं शंभरी पार झालंय अन् तुम्ही अजून पंपावर रांग लावून राहिले? कमाल आहे भो. पाण्यात हायड्रोजन, पाण्यात ऑक्सिजन, गाडीच्याच बॅटरीने दोघांची फारकत करायची, इंजिनात सोडून पेटवायचे, सायलेन्सरमधून परत पाणीच निघतं, ते टाकीत ओता आणि जळगाव-धुळे-नंदुरबार जन्मभर फिरा. शाळेच्या पुस्तकात आहे हे, मास्तरलोकांना धंदा कळला नाही एवढंच.

लोणच्याची बरणी घ्या (काकूला विचारू नका, मी भोगलंय), स्टीलच्या पट्ट्या, थोडा कॉस्टिक सोडा. माझ्या चुलतभावाने मे महिन्यात बोनेटखाली बसवलं, बुडबुडे असे झकास की अख्खी गल्ली बघायला. चौथ्या दिवशी बरणीतलं पाणी उकळलेल्या चहासारखं तांबडं, भंगारवाल्याने स्टील म्हणून लोखंड दिलेलं. ॲव्हरेज आधी होतं तेवढंच. थोडं कमीच, पण ते घरी बोलायचं नाही.

मग एखादा शहाणा हिशोब घेऊन येईल, की ९ लिटर पाण्यातून १ किलो हायड्रोजन, तो काढायला कारखान्यातल्या चांगल्या मशीनलाही ५० युनिटच्या आसपास वीज, जाळल्यावर हातात ३३, त्यातला बराचसा भाग इंजिन उष्णतेतच घालवणार, आणि ती ५० युनिट देणारा अल्टरनेटर फिरवतं कोण, तर तेच इंजिन! वर म्हणेल, पाणी म्हणजे जळून गेलेला हायड्रोजन, राख आहे ती, काड्यांवर भरताची वांगी भाजून झाली की उरलेल्या राखेवर अजून पाच किलो भाजून दाखव. त्याला एकच विचारायचं, तेल कंपनीने तुला किती दिले रे?

स्टॅनली मेयरचं नाव पाठ करून ठेवा. अमेरिकेत ओहायोचा माणूस, पाण्यावर डून बग्गी (वाळूत पळवायची छोटी मोटार) चालवतो म्हणायचा. १९९६ मध्ये तिथल्या कोर्टाने ही ढळढळीत फसवणूक आहे म्हणून गुंतवणूकदारांचे पैसे परत द्यायला लावले, ते सांगायचं नाही. १९९८ मध्ये हॉटेलात जेवताना गेला, मेंदूतली रक्तवाहिनी फुटली असं तपासात निघालं, पण तुम्ही विषप्रयोगच म्हणा, किट लवकर खपतं.

हां, एक राहिलं. दोन्ही गॅस एकत्रच निघतात, म्हणजे पेटायला सगळी तयारी झालेली, एक ठिणगी मिळाली की आग पाईपातून उलटी बरणीकडे येते. भुसावळच्या ४५ डिग्रीत बोनेटखाली काचेची बरणी, म्हणून गाडी मित्राची घ्या.

चुलतभावाने स्वतःच्या गाडीतलं कधीच काढून टाकलं, आता किट विकतो. परवा भेटला, पारोळ्याला दोन किट पोचवायला निघालेला. म्हणे, भाऊ, दोनशे रुपये दे ना उसने, टाकीत काहीच नाही.