‘खेळाचं सामान केबिनमध्ये मोफत’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

“खेळाडूंसाठी आनंदाची बातमी! नवीन नियमानुसार खेळाचं कोणतंही सामान विमानात हातात नेता येतं, वजनात धरत नाहीत.” अशी सुरुवात, पुढे सात कलमं आणि शेवटी हात जोडलेल्या इमोजींची रांग. हा मेसेज कोकणातल्या क्रिकेटच्या, कॅरमच्या आणि डायव्हिंगच्या ग्रुपांवर फिरतोय. नुसता फिरत होता तोवर मी गप्प होतो. पण परवा तारकर्लीला डायव्हिंगचं काम करणाऱ्या माझ्या भाच्यानं तो पाठवला आणि खाली विचारलं, “मामा, ह्यां खरां काय?” तो अंदमानला चाललाय, गोव्यातल्या मोपाहून विमान आहे. चौथं कलम वाचून त्यानं टॉर्चच्या बॅटऱ्या चेक-इनच्या बॅगेत तळाला गुंडाळूनही ठेवल्या होत्या. मग लिहायला बसलो.

कोणता नियम, कुणी काढला, कोणत्या तारखेला, याचा मेसेजमध्ये पत्ता नाही. प्रत्यक्षात देशांतर्गत इकॉनॉमीला हातातल्या एका बॅगेची मर्यादा साधारण 7 किलो असते, आणि लांबी, रुंदी, उंची मिळून 115 सेंटिमीटर. खेळाडूला वेगळा काटा नाही. पहिलं कलम इथेच संपलं.

दुसरं कलम बॅटचं. “कव्हर घाला आणि मंडळाचं पत्र सोबत ठेवा, सोडतात.” नाही सोडत. क्रिकेटची बॅट, हॉकी स्टिक, गोल्फची काठी, बिलियर्डची काठी या वस्तू नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोच्या यादीत हातातल्या सामानासाठी बंद आहेत, चेक-इनमध्ये चालतात. बॅटीनं डोकं फुटतं, आणि मंडळाचं पत्र जोडल्यानं ते फुटायचं राहत नाही. टेनिस बॉलची बॅट हलकी असते, हा युक्तिवाद सुरक्षा तपासणीच्या रांगेत करून बघू नका, मागची माणसं शिव्या घालतील.

तिसऱ्या कलमाला मात्र मी मनापासून हसलो. “कॅरम बोर्ड चपटा असल्याने सीटच्या मागे सहज सरकतो.” हे लिहिणाऱ्यानं एक तर विमान पाहिलेलं नाही किंवा कॅरम. स्पर्धेच्या बोर्डाचा नुसता खेळायचा पृष्ठभाग 74 सेंटिमीटर चौरस असतो, बाहेरची लाकडी चौकट वेगळी. इकॉनॉमीची सीट रुंदीला जेमतेम 45 सेंटिमीटरच्या आसपास. सहज सरकवण्यासाठी शेजारचा प्रवासी आधी उठवावा लागेल आणि मागच्याचे गुडघे काढून ठेवावे लागतील. स्ट्रायकर आणि सोंगट्या खुशाल खिशात न्या. बोर्ड जिथे खेळायला चाललात तिथे असतोच.

आता चौथं कलम. बाकीचा मेसेज मूर्खपणाचा आहे, हे कलम धोक्याचं आहे. “डायव्हिंग टॉर्च, कॅमेऱ्याच्या जादा बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इनमध्ये टाका, केबिनमध्ये कटकट करतात.” बरोबर उलटं. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनमध्ये टाकायलाच बंदी आहे. त्या हातातच न्यायच्या. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयकाओच्या धोकादायक मालाविषयीच्या तांत्रिक सूचनांमध्ये हे स्वच्छ लिहिलेलं आहे आणि जगभरच्या विमान कंपन्या त्यावरच चालतात. 100 वॉट-तासांपर्यंतची बॅटरी हातात चालते. 100 ते 160 असेल तर कंपनीची आधी परवानगी, आणि अशा जादा बॅटऱ्या दोनच. त्यापुढे नाही. हिशेब सोपा आहे: व्होल्ट गुणिले अँपिअर-तास. 3.7 व्होल्टची 20,000 एमएएच, म्हणजे 20 अँपिअर-तासांची पॉवर बँक 74 वॉट-तासांची झाली. टॉर्चमधली जाडी सेल वीसच्याही आतली. मोठ्या व्हिडिओ लाइटच्या पॅकवरचा आकडा मात्र वाचूनच निघा.

कारण काय? लिथियम सेल आतून बिघडली की तिच्यातली रासायनिक क्रियाच उष्णता तयार करते, ती शेजारच्या सेलला तापवते, मग ती पेटते. सामानाच्या कप्प्यातला अग्निशामक वायू बाहेरची ज्वाळा दाबतो, पण सेलच्या पोटातली साखळी त्यानं तुटत नाही. पाणी ओतून ती थंड करावी लागते आणि तिथे पाणी घेऊन जाणार कोण? 3 सप्टेंबर 2010 ला दुबईहून कोलोनला निघालेलं एक मालवाहू बोइंग 747 आग लागून कोसळलं, दोन्ही वैमानिक गेले. आग जिथे सुरू झाली त्या मालात लिथियम बॅटऱ्या होत्या, असं चौकशीत निघालं. 1 एप्रिल 2016 पासून आयकाओनं प्रवासी विमानातून लिथियम-आयन बॅटऱ्या नुसत्या माल म्हणून पाठवणंही थांबवलं. आणि आमच्या ग्रुपवरचा महाभाग सांगतो, गुंडाळून तळाला टाका!

केबिनमध्ये त्या पेटत नाहीत असं मी म्हणत नाही. जानेवारी 2025 मध्ये दक्षिण कोरियात बुसानच्या विमानतळावर उभ्या असलेल्या विमानात डोक्यावरच्या कप्प्यात आग लागली, संशय पॉवर बँकेवर होता. विमान जळलं, पण धूर दिसल्यावर सगळी माणसं बाहेर पडली. म्हणून बॅटऱ्या हातात न्यायच्या, त्याही वरच्या कप्प्यात न टाकता नजरेसमोर. टोकांना चिकटपट्टी लावा किंवा प्रत्येक सेल वेगळ्या डबीत ठेवा. चिल्लर आणि किल्ल्यांच्या खिशात तर मुळीच नको. डायव्हिंगचा जोरदार टॉर्च पाण्यात थंड राहतो, बॅगेत चुकून चालू झाला तर कपडे पेटवू शकतो. म्हणून त्यातली बॅटरी काढायची, आणि असा टॉर्च नेताना कंपनीला आधी विचारायचं.

पाचवं: “रेग्युलेटर केबिनमध्ये नेऊ नका, हवेच्या दाबाने फुटतो.” अरे बाबा, डायव्हरच्या पाठीवरच्या टाकीतली हवा तोंडापर्यंत आणणारं, 200 बार दाबाच्या टाकीवर बसणारं यंत्र ते. उडत्या विमानाच्या केबिनमधला दाब फार तर 8,000 फूट उंचीवर असतो तितका उतरतो, म्हणजे जमिनीपेक्षा साधारण पाव बारनं कमी. शिवाय रेग्युलेटरमध्ये कोंडलेली हवाच नसते. उलट रेग्युलेटर, मास्क आणि डाइव्ह कॉम्प्युटर हातातच न्यावेत, कारण चेक-इनची बॅग कशी आपटतात ते सरकत्या पट्ट्यापाशी उभं राहिलं की कळतं. टाकी न्यायचीच असेल तर पूर्ण रिकामी करूनच. सुरी आणि भालाबंदूक चेक-इनमध्ये.

सहावं कलम मासे गरवायच्या काठीचं. घडीची काठी बॅगेच्या मापात बसली तर काही ठिकाणी जाते, मान्य. “गऱ्यांसकट” हा शब्द मात्र मेसेजवाल्यानं स्वतःच्या जबाबदारीवर घातलेला दिसतो. गऱ्या चेक-इनमध्येच टाका. आता कुणीतरी म्हणेल, आमची बॅडमिंटनची रॅकेट तर नेहमी जाते. जाते खरी. ती यादीत नाही आणि गेटवरचा माणूस मापाकडे काणाडोळा करतो. विमान भरलेलं असलं की तोच माणूस टेप काढतो.

सातव्या कलमात वजन वाचवायची युक्ती आहे: “सकाळी शेवटचा डाइव्ह करा आणि वेटसूट अंगावरच घालून दुपारच्या विमानात बसा.” अंगावरचे कपडे वजनात धरत नाहीत, हे नाइलाजानं कबूल. शेजारच्याला काय वाटेल ते त्याचं तो बघेल. पण सकाळी डाइव्ह आणि दुपारी विमान? पाण्याखाली शरीरात मुरलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो. त्याआधी वर गेलात तर त्याचे बुडबुडे होतात आणि सांध्यांपासून मणक्यापर्यंत कुठेही अडकतात. डायव्हर्सच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेची शिफारस अशी: एकच साधा डाइव्ह केला असेल तर किमान 12 तास, एकाहून जास्त किंवा सलग काही दिवस केले असतील तर किमान 18 तास, डीकॉम्प्रेशनचे थांबे, म्हणजे नायट्रोजन निघून जावा म्हणून वर येताना मध्येच थांबणं, घ्यावे लागले असतील तर त्याहूनही जास्त. ही शिफारस 2,000 फुटांपासून पुढच्या उंचीला धरून आहे, आणि आंबोली सुमारे 690 मीटरवर आहे, म्हणजे 2,000 फुटांच्या वरच. दिवसभर मालवणात डाइव्ह करून रात्री घाट चढणाऱ्या कोल्हापूरकरांनीही हे एकदा वाचावं. ज्याला सकाळचा डाइव्ह सोडवत नाही त्यानं तिकीट दुसऱ्या दिवशीचं काढावं, नाहीतर कुडाळहून कोकण रेल्वे पकडावी. तिथे कॅरम बोर्डही चढेल.